प्रसादाच्या चादरी

बिहारात भूकंप झाला त्या थंडीत आमच्या सोलापुरात सर्वधर्मीय प्रार्थना झाली. ती आमच्या शाळेच्या पटांगणात ठरली, म्हणून बाके ओढण्यापुरता माझा त्या पुण्यकर्माशी संबंध आला. समितीचे चिटणीस एक वकील होते. नगरपालिकेची निवडणूक जवळ आली की त्यांना माणुसकीचा उमाळा येत असे, आणि निवडणूक जवळच आली होती. प्रार्थनेला येताना प्रत्येकाने एक चादर आणावी, त्या सगळ्या गाठोडी बांधून आगगाडीने बिहारात जातील, असे त्यांनी पेठापेठांतून दवंडी पिटून सांगितले. गाठोडी स्टेशनऐवजी वकिलांच्या वखारीकडे वळतील, अशी मला शंका होती. ती मी कुणाजवळ बोललो नव्हतो, कारण शाळेच्या कमिटीवरही तेच होते.

माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक तेलुगू विणकर राहत असे. त्याचा माग पहाटेपासून खटखटत असे, आणि तो बंद पडला की मला चुकल्याचुकल्यासारखे होई. त्याचा धाकटा भाऊ 'मागाच्या खड्ड्यात पाय घालून बसणार नाही' म्हणून भांडून निघून गेला होता. बिहारात रेल्वेच्या कारखान्यात लागलो, एवढा एकच निरोप त्याने कुणाच्या तरी तोंडी पाठवला होता. पत्ता नव्हता. भूकंपाची बातमी आली तेव्हापासून विणकर मला रोज वर्तमानपत्र वाचायला लावी आणि शेवटी विचारी, "तम्मुडूचं काय न्हाय का त्यात?" तम्मुडू म्हणजे त्यांच्या भाषेत धाकटा भाऊ.

एके संध्याकाळी तो एक नवी चादर घेऊन आला. तिला लाल काठ होता आणि काठात एकच हिरवा धागा भलत्याच जागी घुसलेला होता.

"चुकलं वाटतं," मी म्हणालो.

"चुकलं न्हाय, चुकवलंय. पोरगं पयल्यांदा मागावर बसलं तवा असाच धागा घातलता त्यानं. आमी लई हसलो. हे बघितलं की त्याला कळंल की, माझं हाय म्हणून. मास्तर, देऊ का वकिलांकडं? पोचंल का?"

बिहार म्हणजे मंगळवेढ्याचा बाजार नव्हे, हे मी त्याला सांगणार होतो. पण चादरीची घडी त्याने पोटाशी धरली होती. "दे," मी म्हणालो. "पण तिच्यावर नजर ठेव."

प्रार्थनेच्या दिवशी चार धर्मांचे चार पुढारी आले: एक शास्त्रीबुवा, एक लिंगायत स्वामी, एक मौलवी आणि एक पाद्री. व्यासपीठ म्हणजे आमची बाके उलटीसुलटी जोडून वर अंथरलेली सतरंजी. आता मधोमध कोण बसणार? वकिलांनी तोडगा काढला की सगळ्यांनी गोल बसावे, म्हणजे पहिला-शेवटला कुणी नाही. पण गोल बसले की दोघांची पाठ लोकांकडे होते, आणि देवाकडे पाठ चालली असती तरी लोकांकडे पाठ करायला चौघांतला एकही तयार नव्हता. शेवटी अर्धा गोल झाला आणि मधली जागा चादरींच्या ढिगाला मिळाली. घोटाळा झाला तो इथे.

कारण आमच्याकडे व्यासपीठाच्या मधोमध जे मांडले जाते, त्याची पूजा होते. शास्त्रीबुवांनी ढिगावर पाणी शिंपडून अक्षता टाकल्या. स्वामींनी विभूती लावली. मौलवींनी हात उघडून दुवा मागितली. पाद्रींनी तळहात टेकून बराच वेळ डोळे मिटले. पुढे बसलेल्या बायकांपैकी कुणी हळदकुंकू वाहिले, आणि एका उत्साही गृहस्थाने पायरीवर नारळ फोडला. वकील गहिवरून म्हणाले, "बंधुभगिनींनो, या चादरींवर आज सर्व देवांचा हात आहे!"

लोकांनी हे मनावर घेतले. प्रार्थना संपताच रांग लागली. कुणी तरी पहिली चादर उचलून कपाळाला लावली आणि काखेत मारली, मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. मी एकाला अडवले तर तो माझ्याकडे मी सोवळ्यात विटाळ केल्यासारखे पाहू लागला.

"प्रसाद हाय की ओ मास्तर! नको कसं म्हणायचं?"

आलेल्यांनीच आणलेल्या चादरी आलेलेच घेऊन निघाले होते. देताना जुनी दिलेले घेताना नवी बघून घेत होते. वकील व्यासपीठावरून "अहो, अहो!" एवढेच म्हणत राहिले. प्रसाद परत ठेवा असे म्हटले तर मते जातील, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

विणकराने माझी बाही ओढली. "मास्तर, माझी गेली."

लाल काठाची चादर फाटकाकडे चालली होती, एका जाड माणसाच्या खांद्यावर. अंगात सदरा, डोक्याला रुमाल, पण पायांत पोलीसखात्याच्या वहाणा. मार्शल लॉ होऊन गेल्यापासून सोलापुरात चार माणसे जमली की पाचवा असा कुणी तरी असायचाच.

"जा, माग," मी म्हणालो.

"पोलीस हाय ते," विणकर पुटपुटला. मार्शल लॉच्या दिवसांत त्याने एकदा लाठी खाल्ली होती. तो माझ्या मागे सरकला.

तेवढ्यात स्वामी उठले. सगळा कार्यक्रम त्यांनी पेंगत काढला होता. "ए, थांबा रे!" त्यांचा आवाज पटांगणभर गेला. "ज्याला पूजेला येता आलं न्हाय, त्याचा प्रसाद आदी बाजूला काडतात. आईनं शिकिवलं न्हाय काय कुणाला?"

मौलवी लगेच उभे राहिले. "सच बोले स्वामीजी! दुवा किसके वास्ते मांगे? उनो उदर ठंड में पडे, और तुम इदर ओढ के घर जाते क्या रे?"

शास्त्रीबुवा मागे कसे राहतील? दुसऱ्याच्या वाटणीचा प्रसाद नेला तर सात पिढ्यांना दोष लागतो, असे त्यांनी ठणकावले. हा दोष कोणत्या ग्रंथात आहे, ते मला अजून सापडलेले नाही. पाद्री झपझप चालत गेले आणि फाटक लावून त्याला पाठ टेकून उभे राहिले. चौघे एक झाले ते मी त्या दिवशी तेव्हाच पाहिले.

चादरी पुन्हा ढिगावर पडू लागल्या. साध्या कपड्यांतला मात्र फाटकाशी पाद्रींसमोर घुटमळत होता. मी विणकराला घेऊन त्याच्यापाशी गेलो. तो पोलीस आहे हे मला ठाऊकच नाही, असे धरून चालणे सोयीचे होते.

"काका, ती चादर ठेवायची राहिली."

"मी नेत न्हवतो," तो म्हणाला. "चोरीला जाऊ नये म्हणून धरून ठिवलीती."

"बरं झालं. इथं चोर फार आलेत म्हणतात."

त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतले आणि चादर विणकराच्या हातावर टाकली. पुढे महिनाभर रस्त्याने चालताना मी मागे वळून पाहत असे.

विणकराने चादर ढिगावर ठेवली नाही. गाठोडे शिवायला बसलेल्या माणसाच्या मांडीवर नेऊन दिली, टाके पडेपर्यंत तिथेच उभा राहिला, आणि गाठोडी भरलेल्या गाड्यामागून स्टेशनपर्यंत चालत गेला. मीही गेलो. मला गाडा वखारीकडे वळतो का ते पाहायचे होते. तो वळला नाही. याचे मला थोडे आश्चर्य वाटले, आणि वकील निवडून आले याचे मुळीच वाटले नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला एके दिवशी माग बंद पडल्यासारखा वाटला म्हणून मी पलीकडे डोकावलो. धाकटा भाऊ खड्ड्यात पाय घालून बसला होता, वाळलेला, एका पायाने लंगडा, पण मनमोकळे हसत. भूकंपात अंगावर भिंत पडली होती. नंतर अंगावर घ्यायला काय मिळाले, असे मी विचारले. "गोणपाट," तो म्हणाला. चादर त्याने पाहिलीच नव्हती.

थोरला मला बाजूला घेऊन गेला. भाऊ आल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता, तरी कपाळाला आठी होती.

"मास्तर, मग माझी चादर गेली कुटं? वकिलानं मारली असंल की."

"गाडीत चढलेली तू पाहिलीस," मी म्हणालो. "मीही पाहिली. तिथं थंडीत दुसरीही माणसं होती. पडली असेल कुणाच्या तरी अंगावर."

त्याने मला खालून वर न्याहाळले.

"तुमी बी आता व्यासपीठावर बसाय लागला व्हय?"