बंगलोरला जायचं का, हे मला विचारलं

पुण्याला जायचं आहे का, असं लग्नाच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. चौथीपर्यंत शिकले होते, सासवडकडच्या गावात आईबरोबर शेतात भांगलायला जात होते. लग्न झालं आणि आले. नवरा, आता तो नाही, मार्केट यार्डात हमाल होता. पुढे मीही तिथेच कांदा निवडायला लागले. मोठा कांदा एकीकडे, बारीक एकीकडे, सडका फेकायला. कात्रजला घर घेतलं तेव्हाही मला कुणी विचारलं नाही. त्याचं वाईट वाटलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात सुनेने विचारलं तेव्हा मला वाटलं, ही माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणाशी तरी बोलते आहे.

सून कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला वरची जागा मिळत होती, पण बंगलोरला. मुलाचं काम घरूनच चालतं, लॅपटॉप उघडला की त्याचं ऑफिस सुरू. नात तिसरीत, तिला कुठलीही शाळा चालली असती. मुलाला मात्र पुणं सोडायचं नव्हतं. तो म्हणाला, आईला तिकडे करमायचं नाही. सून माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुम्हीच सांगा. पण आधी बघा आणि मग सांगा."

नातीला सुट्टी लागल्यावर आम्ही सगळे महिनाभर तिकडे जाऊन राहिलो. कंपनीने घर दिलं होतं, तिच्या ऑफिसपासून चालत जाता येईल असं.

मी बघितलं. हवा चांगली. भर मे महिन्यात रात्री अंगावर चादर लागायची. लोक वाईट नाहीत, पण बोलायचं कुणाशी? समोरच्या घरातल्या आजीबाई मला बघून हसायच्या, मीही हसायचे. माणूस हसून हसून किती हसणार? थोड्या दिवसांनी आम्ही दोघी एकमेकींना टाळायला लागलो. जिना झाडणारी बाई विजापूरकडची निघाली, तिला मोडकंतोडकं मराठी येत होतं. ज्वारीचं पीठ कुठे मिळतं ते तिनेच दाखवलं. नाहीतर महिनाभर भातच खाल्ला असता.

कात्रजला माझं असं नाही. शेजारणीकडे आमची किल्ली असते. नातीला शाळेत ताप भरला तेव्हा मुलगा बाहेरगावी होता आणि मी दवाखान्यात रांगेत बसले होते. घरात माझा मोबाईल वाजतोय हे ऐकून शेजारीणच किल्लीने आत गेली, नातीला शाळेतून घेऊन आली, पेज करून भरवली, आणि मी आल्यावर मलाच सुनावलं की मोबाईल घरी ठेवून फिरायचं असेल तर घेतला कशाला. असं बोलणारं माणूस नव्या गावात मिळायला वीस वर्षं लागतात. माझ्याकडे तेवढी नाहीत. मनातल्या मनात मी नाही म्हणून टाकलं होतं.

पण मध्ये भाकरी आली.

पुण्यात सून कात्रजहून हिंजवडीला जाते. बायपासला गाड्या अडकल्या की अडकल्या. ती घरी येते तेव्हा नात झोपलेली असते आणि तिचं ताट मी झाकून ठेवलेलं असतं. एक भाकरी खाते, तीही कधी अर्धी टाकते. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला म्हणत आले, तुझी जेवायची नाटकं फार. शेजारणीलाही तेच सांगत आले.

बंगलोरला ती दिवेलागणीलाच घरी यायची. पीठ मिळालं त्या दिवशी मी तव्यावरची भाकरी थेट तिच्या ताटात टाकली. तिने खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी मागितली आणि वर ठेचा. नात तिला चिकटून बसली होती, दिवसभराचं सांगत होती. मला वाटलं, दुपारी डबा खाल्ला नसेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुला भाकरी आवडते होय?"

"आवडते की. गार झाली की चामड्यासारखी होते, ती नाही आवडत."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? तुम्हाला झोपेतून उठवून थापायला लावू?"

मी पुढची भाकरी थापायला घेतली.

पुण्याला परत आल्यावर मुलगा म्हणाला, मग नाहीच ना, आईला करमत नाही असं सांगून टाकतो. मी म्हटलं, "माझं नाव पुढे करू नकोस. तुला जायचं नसेल तर तुझं नाव सांग."

"तुला तिथे करमेल?"

"नाही करमणार. इथे तरी कुठे करमतं? काम असतं म्हणून दिवस जातो. जाऊया आपण."

सून ऐकत होती. म्हणाली, "आई, माझ्यासाठी म्हणून येऊ नका हं. उद्या भांडण झालं की तेच काढाल."

"काढणारच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

 दोन दिवसांनी मुलानेच नातीसाठी तिकडच्या शाळा बघायला घेतल्या.

आता नातीची परीक्षा झाली की निघायचं, तोवर कंपनी थांबायला तयार आहे. शेजारीण म्हणते, दोन महिन्यांत परत येशील. कढीपत्त्याची कुंडी मी तिला देऊन टाकली. किल्ली मागितली तर म्हणाली, राहू दे, तुझ्या घरात चोरण्यासारखं आहे काय? या गावाने मला पोटाला दिलं, डोक्यावर छप्पर दिलं आणि ही बाई दिली. मी काही मागितलं नव्हतं. बरं झालं माझं इथे.

पण कुठे राहायचं हे मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं ते सुनेने. आता तिला विचारायची सवयच लागली आहे. काल म्हणाली, तिकडच्या घरात तुम्हाला कुठली खोली हवी?

मी म्हटलं, स्वयंपाकघराजवळची.