बोअर कुठं मारायचं

मासवणच्या वरच्या पाड्यावर एकेकाळी जिव्याच्या शब्दाला फार मान होता. तो पाणाड्या. हातात उंबराची बेचकी धरून माळावर फिरायचा आणि ती झुकेल तिथं माणसं खणायला लागायची. पण गेल्या दोन खेपांना खाली नुसता खडक लागला आणि लोकांनी त्याला विचारणंच सोडलं.

त्याची मुलगी सपना बोईसरच्या कारखान्यात जाते. तिथं नखाएवढं एक यंत्र बनतं. काचेच्या बारीक पट्टीला टांगलेलं इवलंसं वजन, त्यावर एक आरसा, समोर दुसरा. दोन्हींमध्ये उजेड खेळवायचा. वजन जरासं, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं हललं, तरी उजेडावरून ते कळतं. उपग्रहावर बसवलं की पृथ्वीची ओढ कुठं किती, हे मोजायला त्याची मदत होते. जमिनीखालचं पाणी आटलं की ओढही किंचित घटते. आरसे चिकटवायचं काम सपनाचं, तेही श्वास रोखून. हे सगळं तिनं हौसेनं घरी सांगितलं आणि पंचाईत करून घेतली.

झालं. जिव्याच्या पोरीला आभाळातून पाणी दिसतं, अशी बातमी पाडाभर झाली. बोअरची गाडी यायच्या आदल्या दिवशी सगळे तिच्या अंगणात जमले. त्याआधी जिव्यानं तिला घरामागं नेलं.

"जांभळीखाली सांग," तो हळूच म्हणाला. "माजा शब्द आता कोनी घेत नाय. तुजा घेतील."

बापानं आजवर तिच्याकडं काही मागितलं नव्हतं. तिला भरून आलं.

"बोल बाय, कुठं मारायचा?" ती अंगणात येताच शेजारच्या रखमाकाकीनं विचारलं. आजवर पाड्याच्या बैठकीत सपनाला कुणी बससुद्धा म्हटलं नव्हतं. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

तरी ती म्हणाली, "काकी, ते यंत्र अख्ख्या कोकणाएवढा मुलूख एकदम मोजतं. आपला पाडा त्याला दिसत नाय. पानी कुठं हाय, मला नाय म्हायत."

माणसं कुजबुजली. एवढी शिकून काय उपयोग, असंही कुणी बोललं. सपनाची बापाकडं बघायची हिंमत होईना.

जिव्या उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"त्या दोन खेपांना मलापन म्हायत नव्हता," तो सगळ्यांना म्हणाला. "पन मला असा बोलता नाय आला."

त्यानंतर त्याला कुणी पाणाड्या म्हटलं नाही. सपनाला मात्र आपला बाप त्याआधी कधी एवढा मोठा वाटला नव्हता.