त्रयोदशीला न लावलेला दिवा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती गेली. आता तुमच्यापुढं बोलायला बसलोय.

लढाईच्या दिवसांत तापीकाठच्या आमच्या गावात रॉकेल मिळेनासं झालं. रस्त्यावरचे कंदील पेटते ठेवायचे कसे? मी पालिकेत कारकून, पण डोकं भारी चालायचं — निदान मला तसं वाटे. रिकाम्या डब्यांचे पत्रे घासूनपुसून प्रत्येक कंदिलामागं बसवले, वाती बारीक केल्या. सगळा उजेड रस्त्यावर पडू लागला. मग पंचांग उघडून तक्ता केला: शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा चांदणं असतं, तेव्हा दिवे बंद. अध्यक्षांनी पाठ थोपटली. मी फुगलो — का नाही फुगणार?

पंचांगात ढग नसतात, एवढंच ध्यानात आलं नाही.

नाही — हेही खरं नाही. ते ध्यानात आणून दिलं होतं. श्रावणातल्या शुद्ध त्रयोदशीला, दिवेलागणीच्या वेळी, आमचा दिवाबत्तीवाला सुपडू खांद्यावर शिडी घेऊन माझ्या ओट्याशी आला. "भाऊसाहेब, आभाय भरी येल शे. मोरीवरना दिवा तरी लाऊ का?"

दुसऱ्या दिवशी नंदुरबारहून साहेब वाचलेलं रॉकेल पाहायला येणार होते. मी तक्त्यावर बोट ठेवलं आणि नको म्हणालो. तो गेला.

तासाभरात जनाबाई सुईण एका अडलेल्या बाईकडं निघाली आणि अंधारात नाल्यावरच्या त्याच मोरीवरून खाली पडली. खुबा मोडला. ती बाई कशीबशी सुटली, पण जनाबाई पुन्हा कुणाच्या बाळंतपणाला चालत गेली नाही.

चौकशी बसली. माझ्या डोक्यात एवढंच — नोकरी जाईल, गावात हसं होईल, तक्ता फाडून टाकतील... अध्यक्षांनी विचारलं, आणि मी म्हणालो, आभाळ असेल तर दिवा लाव, असं मी सुपडूला बजावलं होतं.

सुपडूनं माझ्याकडं पाहिलं. मग अध्यक्षांकडं वळून म्हणाला, "सांगेल व्हतं, साहेब. मीच इसरी गऊ."

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. मला सुटल्यासारखं वाटलं — हो, तेही कबूल करतो.

तो तसं का बोलला? मला वाचवायला? की माझ्यापुढं त्याचं कोण ऐकणार, म्हणून? पुढं बारा वर्षं तो आमच्या मागच्याच गल्लीत राहिला. मी कधी विचारलं नाही. विचारायचं, तर आधी खरं बोलावं लागलं असतं.