माल्टच्या बाटलीतली काकवी

पहिल्या बाळंतपणानंतर मी इतकी वाळले की मुलीला दूध पुरेना. उमरग्याच्या डॉक्टरांनी माल्टचं टॉनिक लिहून दिलं, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. बाटली सोलापूरहून मागवावी लागे. ते काम आमच्या ह्यांच्याकडं.

हे शाळेत मास्तर. शिकायला हैदराबादला होते, तिथं बिअरची चटक लागलेली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, मागोमाग दारूबंदी आली आणि ह्यांचे हाल सुरू झाले. मग घरातच बिअर करायचा उद्योग मांडला. चिनी मातीची बरणी, बेकरीतलं खमीर, कडूपणाला काडेचिराईत आणि साखर. पहिली खेप पाणचट निघाली, वर आंबट. मी पदर तोंडाला लावून हसले. म्हटलं, असतो एकेकाला नाद.

टॉनिकची दुसरी बाटली आली. पहिल्याच चमच्याला मी म्हणाले, "ह्याला काकवीचा वास येतोय."

"कंपनीनं चव बदललीय," हे म्हणाले.

माझ्या माहेरी उसाचं गुऱ्हाळ. काकवी ओळखायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण शिकलेला माणूस सांगतोय, त्यात नवरा, म्हणून तो चमचा गिळला. तीन बाटल्या मी नेमानं संपवल्या. पोर भुकेनं रडायची आणि मी माझ्याच अंगाला शिव्या द्यायची, की एवढं महागाचं औषध ह्या मेल्या अंगाला लागत नाही. हे रोज ऐकत होते. त्याच दिवसांत बरणीतल्या मालाला झकास तांबूस रंग आला. मला बोलावून दाखवला. मीही कौतुक केलं, आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

वडील नात बघायला आले. त्यांना खोकला होता, म्हणून मी माझ्याच टॉनिकचा चमचा पुढं केला. त्यांनी तो जिभेवर घोळवला.

"पोरी, ही आपली काकवी हाय. मागल्या खेपेला काहिलीत रस खाली लागला हुता, तीच काकवी म्या तुमच्याकडं धाडली. जळका वास येतो बघ."

हे तिथंच बसले होते. पण जावयाला जाब विचारायची आमच्यात रीत नव्हती. वडिलांनी चमचा धुऊन ठेवला आणि पावसापाण्याच्या गोष्टी काढल्या. त्यांचाही मला तेव्हा राग आला.

ते गेल्यावर मी विचारलं. ह्यांनी लपवलंसुद्धा नाही. शाळेत समजावतात तसं सांगितलं, "साखरेनं नुसती झिंग येते, बिअरला अंग येत नाही. त्याला माल्टच लागतं. आणि काकवी काय वाईट असते होय? पौष्टिकच की."

"मग बरणीत काकवी घालायची होती."

"चव बिघडली असती," ते म्हणाले.

तोवर माझं दूध पार आटलं होतं. मुलगी शेळीच्या दुधावर वाढली, वाढली हे नशीब. मी भांडले नाही, माहेरी गेले नाही. पण त्यानंतर ह्यांनी घरात आणलेली प्रत्येक बाटली मी त्यांच्या देखत उघडायची आणि बोट बुडवून चाखायची. तेल असो, मध असो. ते मान खाली घालून उभे राहायचे.

ह्यांच्या शेवटच्या आजारपणात मुलीनं औषध आणलं, तेही मी आधी चाखलं.

"अजून?" त्यांनी विचारलं.

"अजून," मी म्हणाले आणि चमचा त्यांच्या तोंडाशी नेला.