खुरप्याची आखूड मूठ

मंडळी, आज चांगलं करायला गेलो आणि आत्याला रडवून बसलो.

आत्या चौऱ्याऐंशीची, ढोकीला आमच्याकडंच असते. तिचं एक जुनं खुरपं आहे, मूठ जेमतेम तीन बोटांची. तुटली असणार असं समजून सकाळी सुताराकडून बाभळीची चांगली लांब मूठ बसवून आणली.

ती बघून आत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आरं, ती तुटली न्हवती. माझ्या आईनं कापली व्हती."

निजामाच्या राज्यातली गोष्ट. रझाकार आल्याची हाकाटी झाली की आत्याची आई तिला रिकाम्या पेवात उतरवायची. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. त्याचा गळा इतका अरुंद, की लांब मुठीचं खुरपं आत फिरतच नाही. म्हणून आईनं ती लेकीच्या मुठीएवढी कापली आणि बजावलं, "मी न्हाय आले, तर भिंतीत खोबण्या कोर आन् वर ये."

"मग आई आली?" मी विचारलं.

"दर बारीला आली. एकदाच लई उशीर झाला. तवर म्या चार खोबण्या कोरल्या व्हत्या."

मी लगेच करवत काढली, मापाला तिचा हात मागितला. तिनं सुरकुतलेली मूठ वळली आणि हसली. "ह्याच्याहून आखूड काप. तवा मी सात वर्षांची व्हते."

तुमच्या घरात आहे का अशी एखादी 'मोडकी' वस्तू? नीट करायच्या आधी विचारा, ती कुणाच्या मापाची आहे.