तलकाडच्या वाळूत सुटलेला श्वास

तीस वर्षं म्हैसुरात शिवणयंत्रावर वाकून बसलो, आणि त्यातली बहुतेक वर्षं तोंडात बिडी होती. फुप्फुसांचा जुना आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी रक्तही तपासलं. ‘ड’ जीवनसत्त्व फारच कमी निघालं. गोळ्या देतानाच त्यांनी बजावलं होतं की गोळीनं कमतरता भरेल, धुरानं झालेलं नुकसान नाही. मी सोयीचं तेवढंच ऐकलं. दर रविवारी गोळी विठ्ठलापुढे ठेवून घ्यायचो आणि दुकानामागे जाऊन बिडी पेटवायचो. जिना चढताना छाती घरघरली की मात्र देवावरच रुसायचो.

त्या हिवाळ्यात बायकोनं कावेरीकाठच्या तलकाडला शंकराच्या दर्शनाचा हट्ट धरला. बरं वाटत होतं म्हणून श्वासाचा पंप मी घरीच ठेवला, आणि बसमधून उतरल्यावर तिची नजर चुकवून एक बिडी ओढली. हे तिला आज वाचूनच कळेल.

देवळांकडे जाताना वाळू लागते. ऊन चढलं होतं, पाय रुतत होते. अर्ध्या वाटेवर श्वास अडकला. मी जीव खाऊन हवा आत ओढत होतो, पण आत जागाच नव्हती. छाती आधीच गच्च भरलेली. बायको पिशवी उपसून पंप शोधत राहिली, आणि तो घरी आहे हे सांगायला मला आवाज फुटेना. विठ्ठलाचं नाव मनात घेऊ पाहिलं, तेही पुरं होईना. डोळ्यांपुढे अंधारी आली.

तेवढ्यात साठीच्या एक बाई पुढे आल्या. जवळच्या बन्नूर गावच्या, शेतकरी घरातल्या, हे मागाहून कळलं. दर्शन करून निघाल्या होत्या, बस चुकली म्हणून सावलीला परत आलेल्या. काही न विचारता त्यांनी मला कट्ट्यावर बसवलं, पुढे वाकवून कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि पाठीवर हात ठेवला.

“उसिरु बिडि,” त्या कन्नडात म्हणाल्या. श्वास सोडा.

मला त्यातलं फक्त ‘बिडी’ ऐकू आलं. वाटलं, यांना वास आला. लाजेनं मान खाली गेली.

“ओढू नका, आधी सोडा,” त्या पुन्हा म्हणाल्या. “गरम कॉफीवर फुंकता ना, तसं हळू.”

ओठ आवळून सोडला. कोंडलेली हवा थोडी बाहेर गेली. पुन्हा सोडला. शेजारी बायकोही रडतरडत माझ्याबरोबर फुंकत होती. कितव्यांदा ते आठवत नाही, पण एक श्वास मी न ओढता आपणहून आत आला.

त्यांच्या यजमानांना हाच आजार होता, सहा वर्षं त्यांची शुश्रूषा केली, असं त्या बायकोला सांगत होत्या. मग रिक्षा थांबवून त्यांनी आम्हाला दवाखान्यात धाडलं. नाव विचारायचं राहून गेलं.

त्या दिवसापासून बिडी सुटली. रक्तातली कमतरता भरून आली. फुप्फुसं गेली तेवढी गेलीच, पंप आता खिशात असतो. बाईंना देवानं पाठवलं की बस चुकली, यावर मी वाद घालत नाही. इतकी वर्षं मी देवाकडून फक्त ओढून घेत होतो. आता श्वास सोडताना त्याचं नाव घेतो. पुढचा आत येतो, तो मी आणलेला नसतो.