सगुणीचं फेफरं आणि आतोबांचा गळा

माझ्या आतोबांइतका मोठ्या आवाजाचा माणूस नीरेपासून भीमेपर्यंतच्या मुलखात दुसरा झाला नाही, आणि एका परीने तेच बरं झालं. आणखी एक असता तर मुलूख ओस पडला असता. आत्याचे यजमान म्हणून आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. बारामतीची सगळी पेठ त्यांना तात्या म्हणायची. ते शिंकले की दाराशी सोडलेले बैल उठून उभे राहत. इंदापूरला आमच्याकडे यायचे तेव्हा सर्व्हिस मोटर गावाच्या एका टोकाला थांबायची आणि आमचं घर होतं दुसऱ्या टोकाला; पण उतरता उतरता ड्रायव्हरशी चाललेली त्यांची हुज्जत ऐकून आई चहाचं आधण ठेवायची, आणि ते दारात पोचेपर्यंत चहा गाळूनही व्हायचा. त्यात गुपितं सांगायची त्यांना भारी हौस. मला कोपऱ्यात ओढायचे, तोंडापुढे हात धरायचे आणि "मास्तर, कुनाला बोलू नगा बरं का," अशी सुरुवात करायचे. गुपित संपतं न संपतं तोच समोरचा शिंपी मशीन थांबवून त्यावर आपलं मत द्यायचा. मी तेव्हा इंदापुरात शाळेवर मास्तर होतो, म्हणून भाचा असूनही ते मला अहोजाहो करत. एवढा मान मला शाळेतही मिळत नव्हता.

आतोबांची गुळाची आडत होती. पुढे आडत, मागे घर आणि मधलं दार सताड उघडं. शेतकरी गाड्यांतून गुळाच्या ढेपा आणून उतरवायचे, व्यापारी ढेप टोकरून गूळ जिभेवर ठेवायचे, आणि भाव ठरायचा तो त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रुमालाखाली. आडत्या आणि व्यापारी समोरासमोर बसत, हातांवर उपरणं टाकत आणि आत एकमेकांची बोटं धरून भाव बोलत. अमकी बोटं धरली की इतके, मूठ दाबली की तितके. तोंडातून अक्षर नाही. ज्याचा गूळ त्यालासुद्धा आत काय चाललंय ते कळायचं नाही. एरवी पानात मीठ मागतानाही भांडण पेटल्यासारखे वाटणारे आतोबा उपरण्याखाली हात गेला की देवळात बसल्यासारखे शांत व्हायचे. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ घट्ट, फक्त उपरणं तेवढं हलायचं. "त्या फडक्याखाली बसत्यात तसं घरात मुकाट बसलं आसतं," आत्या म्हणायची, "तर माजं कान शाबूत ऱ्हायलं आसतं." हेही तिला ओरडूनच म्हणावं लागायचं, कारण त्या वेळी आतोबा बोलत असायचे.

सगुणी मांजर मूळची इंदापूरची, आमच्या घरातली. आडतीत उंदीर फार झाले म्हणून आत्याने सांगावा धाडला आणि मी तिला टोपलीत घालून मोटरीने घेऊन गेलो. आतोबांनी टोपलीत डोकावून पाहिलं. "इंदापूरचं मांजर! आवो, तितं मानसाला प्याला पानी न्हाय, ह्येला दूध म्हाईत तरी हाय का?" बारामतीला पाटाचं पाणी आणि इंदापूरला आभाळाचं, यावरून आम्हाला चिडवायची एकही संधी ते सोडत नसत. पण आठवडाभरात काय झालं कोण जाणे, ताजव्याच्या एका पारड्यात पोत्याची घडी पडली आणि तिच्यावर सगुणी निजू लागली. गाडीवान खोळंबले, हमाल पाठीवर ढेप घेऊन उभे राहिले, तरी आतोबा म्हणायचे, "थांबा की जरा, तिची झोप हू द्या." त्यांना मूलबाळ नव्हतं. हे त्या घरात कुणी कधी बोलून दाखवत नसे, पण ताजव्यातली ती घडी आत्या रोज झटकून पुन्हा नीट घालायची, हे मी पाहिलं आहे.

पहिलं फेफरं आलं ते एका गुरुवारी, ऐन बाजारात. आतोबा एका गाडीवानावर तोंड टाकत होते आणि पारड्यात निजलेली सगुणी एकदम ताठ झाली, खाली पडली आणि चारी पाय झाडू लागली. तोंडाला फेस, डोळे उघडे पण पाहत नसलेले. आमच्या मुलखात माणसाला फेफरं आलं की नाकाशी कांदा नाहीतर पायातली वहाण धरायची रीत. मग काय विचारता! "वहान आना! कांदा आना! आरं बगताय काय!" आतोबांनी पेठ डोक्यावर घेतली आणि स्वतःचीच वहाण काढून सगुणीच्या नाकाशी नेली. ती वहाण सगुणीहून मोठी होती. आतोबा जितके ओरडत तितके तिचे झटके लांबत, आणि झटके लांबले की आतोबा आणखी ओरडत. अखेर तिचं ती सावरली, झिंगल्यासारखी भिंतीला धडकत फिरली आणि आतोबांकडे ओळख नसल्यासारखी बघत पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन बसली. तेव्हापासून वेळेला हाताशी असावी म्हणून आतोबा एक वहाण काखेत घेऊन हिंडू लागले. एक पाय वहाणेत आणि एक अनवाणी, असे ते पेठेतून चालताना पाहून परगावचे व्यापारी त्यांच्याशी जरा जपूनच सौदा करत.

झटके येतच राहिले. शेजारपाजारी म्हणू लागले, हे बाहेरचं दिसतंय, पोत्यात घाला आणि कऱ्हा नदीपल्याड सोडून या. नको झालेल्या मांजरांची तीच वाट असायची. आत्याही एकदा भीतभीत तसं बोलून गेली. "माज्या घरातलं पोतं कोन हलीवतंय बगतोच!" आतोबा गरजले, आणि सगुणीला तिथल्या तिथे आणखी एक झटका आला. तोही गुरुवारच होता आणि मी बारामतीतच होतो. शेवटी टोपली उचलून आम्ही दोघं गुरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथे खोंडं, म्हशी आणि त्यांचे धनी यांच्या रांगेत आतोबा मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसले. आमचा नंबर आला तेव्हा दवाखान्याचा शिपाई सवयीने बैलाला औषध पाजायची बांबूची नळी घेऊन आला आणि टोपलीत बघून परत गेला. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. सगुणीला तपासून त्यांनी विचारलं, "हे झटके कशाने येतात, काही लक्षात आलंय?"

"त्येच तर कळंना झालंय, डाक्टरसायब!" आतोबा कळवळून ओरडले.

टोपलीत धडधड झाली. सगुणी आडवी. बाहेर एक बैल दावं ओढू लागला. डॉक्टरांनी आतोबांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, टेबलावरचं फडकं सगुणीवर हलकेच टाकलं आणि कुणी हलू नये अशी खूण केली. एवढा वेळ गप्प बसलेले आतोबा मी सौद्याखेरीज कधी पाहिले नव्हते. थोड्या वेळात फडक्याखालची धडपड थांबली.

"आता कळलं?" डॉक्टर हळूच म्हणाले.

आतोबांना कळलं नव्हतं. दवाखान्यातल्या सगळ्यांना कळलं होतं, बैलालासुद्धा. शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. एखाद्या मांजराला मोठ्या आवाजाने, भांड्यांच्या खणखणाटाने असे झटके येतात. वहाण नको, कांदा नको, तोंडात पाणी नको, दाबून धरणं नको. आजूबाजूचं सामान दूर करायचं, अंधार करायचा आणि गप्प बसायचं. "पण असे लांब झटके येत राहिले तर एखाद्या वेळी ती उठायची नाही. औषधापेक्षा शांतता बघा. तात्या, ती तुमच्या आवाजाने पडते."

"म्या?" असं विचारायला आतोबांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

दवाखान्यापासून घरापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. वाटेत ज्यांनी त्यांना तसं जाताना पाहिलं त्यातले काही जण मागोमाग आत्याकडे येऊन, घरात कुणाचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, अशी चौकशी करून गेले.

त्या दिवसापासून त्या घराला जी शांतता लागली ती मी आजवर कुठल्या मठातही पाहिली नाही. आत्याने उलथन्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळल्या आणि पितळेची भांडी माळ्यावर टाकली. ताजव्याची वजनं पोत्याच्या तुकड्यावर ठेवायची, टाकायची नाहीत. शिंक आली की आतोबा नाक दाबून कऱ्हेच्या वाळवंटाकडे पळत सुटायचे आणि तिथे जाऊन मोकळे व्हायचे. हमालाला झापायचं असलं तरी तिथेच. "चल नदीवर," असं आतोबा कानात म्हणाले की पैलवान गडीही तिथल्या तिथे कान धरायचा.

पण घरात बोलायचं कसं? आतोबांना हळू बोलता येत नव्हतं. त्यांची कुजबुजही ओसरीपर्यंत जायची. तेव्हा त्यांनी आपलीच विद्या काढली. आत्याला समोर बसवलं, हातांवर उपरणं टाकलं आणि तिला बोटांची भाषा शिकवली. एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा, अंगठा म्हणजे कोण आलंय. आणि पाचही बोटं मिळून घट्ट धरली की, सगुणी निजलीय, हळू. आत्या आधी लाजून चूर झाली. "आवो, चारचौघांत हात धरायचा? लोकं काय म्हनतील!" पण पुढे ती अशी तयार झाली की उपरण्याखाली भांडूसुद्धा लागली. चिमटा हा शब्द तिने स्वतःच्या अकलेने त्या भाषेत घातला. मी बारामतीला गेलो की संध्याकाळी दोघं ओट्यावर उपरण्याखाली हात घालून बसलेली असायची, तोंडं दोन दिशांना, आणि मधूनच आतोबा "आई गं" करत हात बाहेर काढायचे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांचा हात एवढा वेळ कधी धरला असेल असं मला वाटत नाही.

झटके अगदी थांबले नाहीत, पण विरळ झाले आणि आटोपशीरही. आला की आतोबा उपरणं सगुणीवर टाकायचे, ढेपा बाजूला सारायचे आणि तिच्याजवळ जमिनीवर हात टेकून, तिला न शिवता, बसून राहायचे. ती सावरली की आधी त्या हाताचा वास घ्यायची आणि मगच उठायची.

आणि नेमका त्याच सुमाराला बाजाराचा कायदा बदलला. रुमालाखालचा सौदा बंद, यापुढे उघड बोलीचा लिलाव. आडत्याने भाव पुकारायचा, व्यापाऱ्यांनी चढवायचा. पेठ म्हणाली, आता तात्यांचं राज्य आलं. देवाने हा गळा याच दिवसासाठी दिला होता. पहिल्या लिलावाच्या गुरुवारी आतोबांच्या दारात ही गर्दी. वडगाव निंबाळकरचे एक म्हातारे आबा आपला सगळा गूळ मुद्दाम त्यांच्याकडे घेऊन आले होते. आतोबा ढेपेवर चढले, छाती भरून श्वास घेतला. पुढच्या रांगेतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. तेवढ्यात आतोबांची नजर पारड्याकडे गेली. सगुणी तिथे पोट वर करून निजली होती.

भरलेला श्वास त्यांनी हळूहळू सोडून दिला, ढेपेवरून खाली उतरले आणि घरात कधी न जमलेल्या हळू आवाजात, ओठ जेमतेम हलवत, पहिली बोली पुकारली.

"ऐकू यीना, तात्या! वरडा की!" आबा काकुळतीला आले. "माज्या वरसाच्या कष्टाचा गूळ हाय त्यो!"

आतोबांनी एका हाताने पारडं दाखवलं आणि दुसऱ्या हाताने आबांना हात जोडले. व्यापारी आधी हसले. मग पलीकडच्याने काय बोली दिली ते ऐकू येईना म्हणून पुढे सरकले, वाकले, एकमेकांना गप्प करू लागले. कुणी किती चढवलं याचा पत्ता नसल्यामुळे जो तो भीतीने थोडं जास्तच बोलत होता. बारामतीच्या पेठेतला तो लिलाव कुजबुजत पार पडला आणि आबांना भाव चांगला मिळाला. जाताना त्यांनीही आतोबांच्या कानात पुटपुटूनच रामराम केला.

पण दर वेळी असं कुठून जमणार? नवलाई संपल्यावर बरेच शेतकरी शेजारच्या, घशाची शीर ताणणाऱ्या आडत्यांकडे वळले. मी एकदा भीत भीत विचारलं, "आतोबा, मांजरासाठी धंदा घालवणार का?" त्यांनी मला हाताला धरून नदीपर्यंत नेलं. मला वाटलं, आता आपली पाळी. पण तिथे मोकळ्या वाळवंटातही ते हळूच बोलले. "मास्तर, गूळ काय, फुडल्या साली बी यील. ही कुटनं यील?"

त्यानंतर सगुणी पुष्कळ जगली. म्हातारी झाली, दात पडले, उंदीर तिच्यासमोरून जाऊ लागले तरी पारडं तिचंच राहिलं. एका हिवाळ्यात, गुऱ्हाळं नुकती पेटली होती तेव्हा, ती गेल्याचा सांगावा आला. झटका नाही, काही नाही. ऊन अंगावर घेत पारड्यात निजली होती, ती उठलीच नाही. मी मिळेल त्या मोटरीने बारामतीला गेलो. आत्या दारातच भेटली. डोळे सुजलेले, हातात ते चिंध्या गुंडाळलेलं उलथनं. "सकाळधरनं म्हनतीय, एकडाव वरडा, जीव मोकळा हुईल," ती म्हणाली. "आता कुनाला तरास हाय का? पर न्हाय वरडत."

आतोबा आडतीत ताजव्याशेजारी बसले होते. पारडं रिकामं होतं, पोत्याची घडी तशीच, मधे थोडी खोलगट. मी मास्तर माणूस. सांत्वनाची चार वाक्यं वाटेत जुळवून ठेवली होती. वर्गातल्या आवाजात सुरुवात केली, "आतोबा, फार वाईट झालं, पण..."

त्यांनी मान वर केली. शेजारी बसायची खूण केली, खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं आणि आपला हात आत घातला. मला वाटलं, चहा विचारतायत. पण त्यांनी माझी पाचही बोटं मिळून धरली, घट्ट, आणि सोडलीच नाहीत.

सगुणी निजलीय, हळू. मला रडू आलं, तेही मी हळूच रडलो.